चाळिशी-पन्नाशीत व्यायाम कशासाठी करता? खरं कारण सांगा, ब्रोशरमधलं नको

सांजवात

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर अॅडमिननी हलवावा.

वय ४८, पुणे, बैठी नोकरी, वजन ७१, उंची सांगत नाही. गेल्या पंधरा वर्षांत तीन जिम, एक झुंबा, दोन योगा क्लास आणि एक ऑनलाइन डाएटिशियन एवढं सगळं करून झालंय आणि दर वेळी दीड-दोन महिन्यांत गाडी मूळपदावर. आता कळतंय की कारणंच उधारीची होती. भाच्याचं लग्न, ऑफिसचं स्टेप चॅलेंज, एक जानेवारी वगैरे.

गेल्या महिन्यात पहाटे साडेपाचला बाथरूममधून धप्पकन आवाज आला. बाबा (वय ७९) कमोड आणि बादलीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत पडले होते, एक पाय बादलीमागे अडकलेला, पाठ भिंतीला, नळ चालूच. नशिबाने कुठे मोडलं नव्हतं. पण मला त्यांना उठवताच येईना. काखेत हात घालून ओढलं तर माझेच पाय ओल्या फरशीवरून सरकायला लागले, मग समोरून हात धरून ओढलं तर अर्धे उठले आणि परत खाली, आणि दुसऱ्यांदा बसले ते जास्त जोरात. ६४ किलोचा माणूस हो, तोही आता वाळलेला. आई दारात उभी, तिचे गुडघे गेलेत ती काय करणार. भाऊ सिअॅटलला. शेवटी म्हटलं वॉचमनकाकांना बोलावते, तर बाबा म्हणाले, "आधी पंचा दे." तेवढंच. मी पंचा गुंडाळून दिला, काका आले, वयाने माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठेच असतील, मागून मिठी मारल्यासारखं धरलं आणि एका दमात उभं केलं. "होतं असं ताई" म्हणाले आणि चपला घालून गेले.

तेव्हापासून बाबा बाथरूमची कडी लावत नाहीत आणि मी रोज सकाळी व्यायाम करतेय. आज २६वा दिवस. मला बारीक व्हायचं नाहीये, मला ६४ किलो उचलायचेत. इतकं साधं कारण आधी कधी सापडलं नव्हतं.

तुमचं काय? निरोगी जीवनशैली, सकारात्मक ऊर्जा वगैरे नको प्लीज. खरं कारण सांगा, क्षुल्लक असलं तरी चालेल.

टेकडीवाला

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो. पंचा वाचून पोटात कालवलं.

लोकलकर

माझं कारण म्हणजे होमलोन. शेवटचा हप्ता २०३७ ला, तोपर्यंत मरायची परवानगी नाही.

गंमत सोडा पण खरंच तसंच आहे. डोंबिवली ते सीएसएमटी उभ्याने, वीस वर्षं झाली, मला वाटायचं हाच व्यायाम. मग विम्याचा टर्म प्लॅन वाढवायला गेलो तर मेडिकलमध्ये साखर निघाली, प्रीमियम असा चढला की बायको म्हणाली तुझ्यापेक्षा नवी स्कूटर स्वस्त पडेल. त्या दिवसापासून दादरला सरकता जिना बंद म्हणजे बंद. ऑफिस सहाव्या मजल्यावर, लिफ्ट फक्त डबा जड असेल तेव्हा. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.९ होतं, दीड वर्षात ६.१ वर आलंय. डॉक्टर म्हणाले ५.७ च्या खाली आलात तर मी पेढे देतो, मी म्हटलं पेढ्यांनीच तर इथवर आणलंय.

मेथीचा_लाडू

खोटं कशाला बोलू, शुद्ध मिरवायला. दहावीच्या बॅचचं स्नेहसंमेलन आहे डिसेंबरात, तीस वर्षांनी. शाळेत मला ज्या नावाने हाक मारायचे ते नाव इथे लिहिणार नाही. ब्लाउजच्या आतलं मार्जिन उसवून उसवून संपलं, शिंप्याने हात जोडले, म्हणाला आता काखेत तुकडा जोडावा लागेल. मग मी ठरवलं की तुकडा नाही जोडायचा.

सांजवात, तुझं कारण फार मोठं आहे ग, त्यापुढे माझं अगदीच हे वाटतंय. पण चार महिने झाले, टिकलंय.

सांजवात

@मेथीचा_लाडू, अगं टिकलंय ना, मग झालं तर. आणि ते नाव सांग, आम्ही कुणाला सांगणार नाही :)

कोल्हापुरी_रस्सा

आमची गोष्ट उलटी हाय.

मी विशीत तालमीत होतो. पहाटे चारला उठून जोर, बैठका, मग मातीत लढत, वर दुपारी थंडाई, रात्री लिटरभर दूध, तूप वेगळं. वस्ताद म्हणायचे खाल्लेलं घामातनं बाहेर आलं पाहिजे. बावीसाव्या वर्षी खांदा निखळला, कुस्ती सुटली, घरच्या दुकानात बसलो. आता गंमत बघा, जोर सुटलं पण खुराक सुटला न्हाई. हात पोळ्यांची गिनती विसरंना. आमच्याकडं जुन्या पैलवानांकडं बघा, पंचेचाळिशीत निम्म्यांना बीपी-शुगर, मान दिसत न्हाई, गुडघं वाजत्यात, तरी लोक म्हणत्यात काय शरीर हाय. कसलं शरीर, नुसता डोंगर.

मी ५१ चा. धाकटा पोरगा चौदाचा, त्याला तालमीत घातलाय. पहिल्याच आठवड्यात म्हणला, पप्पा तुम्ही एक बैठक मारून दाखवा की. खाली गेलो, वर यायला खुर्ची धरावी लागली. पोरगं हसलं न्हाई, तेच जास्त लागलं. आता रोज त्याच्यासंगं जातो, तो शंभर मारतो मी वीस. कारण विचाराल तर एवढंच, पोराफुडं खुर्ची धरायची न्हाई.

मेथीचा_लाडू

"पोरगं हसलं न्हाई, तेच जास्त लागलं" ... रस्सासाहेब, काय लिहिलंत.

निवांत

एक विरुद्ध मत मांडतो, हलकेच घ्या.

आमचे आजोबा ९१ वर्षं जगले, रोज तंबाखू, आयुष्यात जिम बघितली नाही. हल्ली प्रत्येक जण मनगटावर घड्याळ बांधून स्वतःच्या झोपेचे मार्क बघतो. चाळिशी आली की एकतर सायकल घेतात नाहीतर मॅरेथॉनची मेडलं फेसबुकवर. मरायचं तेव्हा माणूस मरतोच. एवढं कशाला अंगाला लावून घ्यायचं.

टेकडीवाला

@निवांत, आजोबा तुमचे शेतावर होते का हो? दिवसाला किती चालायचे, विहिरीचं पाणी कोण शेंदायचं? आणि त्यांच्याबरोबरचे तंबाखूवाले साठीत गेले त्यांची नातवंडं इथे लिहायला येत नाहीत, कारण त्यांना आजोबा आठवतच नाहीत.

आता माझं. मी रोज पहाटे पर्वती चढतो, १०३ पायऱ्या, तीन फेऱ्या. शनिवारी आतकरवाडीतून सिंहगड. कारण आधी वेगळं होतं (डॉक्टर), आता मात्र तिथला ग्रुप हेच कारण. सातजण आहोत, एक रिटायर्ड पोस्टमास्तर, एक रिक्षावाले, दोन बँकवाले, बाकी माझ्यासारखे आयटीतले. एक दिवस दांडी मारली तर दुसऱ्या दिवशी पायथ्याशी चौकशी समिती बसते. पोस्टमास्तरकाका विचारतात, "काय, तब्येत बरी नव्हती की नियत?" या प्रश्नाला घाबरून मी पावसातसुद्धा जातो. गडावर गेलं की मडक्यातलं दही दोन मडकी, ते वजनात धरत नाही आम्ही.

रोजच्या दहा हजार स्टेप्स मात्र होतातच. त्याशिवाय अर्थ नाही.

हाडवैरी

धागा वाचून राहवलं नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे (आयडीवरून ओळखलं असेलच).

टेकडीवाले, दहा हजाराचा आकडा कुठल्या वेदात नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र बाजारात आलं, त्याचं नावच दहा-हजार-पावलं-मीटर अशा अर्थाचं होतं, मानपो-केई. आकडा तिथून जगभर पसरला. चालणं उत्तमच, सहा-सात हजारांनीही भरपूर फरक पडतो, पण चाळिशीनंतर नुसतं चालून भागत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात आणि साठीनंतर ते आणखी भराभर जातात. वजनकाटा हे दाखवत नाही, कारण तिथे चरबी येऊन बसते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्याइतका व्यायाम सांगते हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच्याच पुढे आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम लिहिलेला असतो, ते वाक्य कुणी वाचत नाही.

घरी करून बघा. हात छातीवर फुली करून खुर्चीवर बसा, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. साठ ते चौसष्टच्या पुरुषांना १४ आणि बायकांना १२ च्या खाली आलं तर कमी समजतात. तुम्ही तर अजून साठीतही नाही, म्हणजे त्याच्यापुढे जायला हवं.

आता सांजवात, थोडं रागावून सांगते. पडलेल्या माणसाला लगेच ओढायचं नाही. आधी नळ बंद, अंगावर काहीतरी घालायचं (पंचा बरोबर होता!), मग विचारायचं कुठे दुखतंय. खुब्यात दुखत असेल, किंवा एक पाय आखूड वाटत असेल आणि पाऊल बाहेर वळलेलं असेल तर हलवायचंच नाही, सरळ अॅम्ब्युलन्स. काही नसेल तर त्यांना कुशीवर वळवून हातागुडघ्यांवर आणायचं, समोर भक्कम खुर्ची ठेवायची, त्यांनी खुर्चीवर हात टेकवून एक पाऊल पुढे घ्यायचं आणि उठायचं, आपण मागून दुसरी खुर्ची सरकवायची. काम त्यांच्या पायांनी करायचं असतं, आपण फक्त तोल सांभाळायचा. काखेत हात घालून ओढलं तर त्यांचा खांदा आणि आपली कंबर, दोन्ही जातात.

म्हणजे तू ६४ किलो उचलायला शिकतेयस ते छानच, पण त्याच्या निम्मा व्यायाम बाबांकडून करून घे.

निवांत

टेकडीवाले, बरोबर, शेतावरच होते. मोट हाकायचे. मागे घेतो.

सांजवात

@हाडवैरी, प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय. खुर्चीची टेस्ट केली, १३. वय ४८. आईने विचारलं काय उठाबशा काढतेयस, काय केलंस?

ढगाखाली

एडिसन, न्यू जर्सीहून. आमच्याकडे देसी मंडळींचं कारण एकच असतं, भीती. गणपतीच्या आरतीला दर वर्षी एखादा चेहरा कमी असतो आणि तो साठीचा नसतो. माझा मावसभाऊ ४४ ला गेला, स्नो काढताना. सिगारेट नाही, दारू नाही, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २४, सगळे म्हणायचे सडसडीत आहे.

मग माझ्या डॉक्टरने (तोही देसीच, तेलुगू) समजावून सांगितलं की आपल्या लोकांत चरबी पोटात आत बसते, दंडावर दिसत नाही. इथे बाकीच्यांना बीएमआय २५ ला डायबेटिसची तपासणी सांगतात, आशियाई वंशाच्यांना २३ लाच. कंबर मोजा म्हणाला, आपल्या पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०, त्याच्यावर गेलं की सावध. माझी ९८ निघाली. तीसुद्धा श्वास आत घेऊन.

तळघरात ट्रेडमिल होती, तिच्यावर धुतलेले स्वेटर वाळायचे. आता ते खुर्चीवर वाळतात.

गोधडी

कुणी बोलत नाहीये म्हणून मीच बोलते. मेनोपॉज. ५० वर्षं, नाशिक.

दोन वर्षं झोप नाही, अंगातून वाफा, मधूनच डोळ्यांत पाणी, आणि घरातले म्हणणार "तुझं वय झालंय आता". खांदा धरला, फ्रोझन शोल्डर, केस विंचरता येईनात. ऑर्थोकडे गेले तर त्यांनी वर हाडांचा डेक्सा स्कॅन करायला लावला, हाडं ठिसूळ व्हायच्या उंबरठ्यावर. पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडं फार वेगाने झिजतात हे मला ५० वर्षांत एका बाईने सांगितलं नव्हतं, पापडाच्या लाटीत सोडा किती ते मात्र दहाजणींनी सांगितलं.

डॉक्टर म्हणाले वजन उचला. मी म्हटलं आयुष्यभर तेच केलंय, गॅसचा सिलिंडर मीच ओढते (भरलेला तीस किलोच्या आसपास असतो, आतला गॅस १४.२). तर म्हणाले तो महिन्यातून एकदा ओढता, आठवड्यातून तीनदा ओढा. तर सोसायटीच्या जिममध्ये जायला लागले. पहिल्या दिवशी ट्रेनर पोरगा म्हणाला काकू ट्रेडमिल तिकडे आहे. म्हटलं बाळा डंबेल कुठे आहेत ते सांग.

पण खरं कारण हाडं नाहीत. सकाळी सहा ते पावणेसात. ती पंचेचाळीस मिनिटं मला कोणी विचारत नाही की मोजे कुठे आहेत.

मेथीचा_लाडू

मोदक! गोधडी, शेवटच्या वाक्याला दोन मोदक.

लोकलकर

मोजे खरंच कुठे असतात पण?

रिंगण

माझं कारण वारी. २०१९ ला ऑफिसातल्या मित्रांबरोबर हौसेनं पुणे-सासवड एक टप्पा चाललो. तिसेक किलोमीटर. अंगात ब्रँडेड टीशर्ट, पायात आठ हजारांचे शूज, पाठीला पाण्याची पिशवी नळीसकट. दिवे घाटाच्या मध्यावर पायात गोळे आले, कठड्याला धरून उभा होतो. बाजूने एक आजी चाललेल्या, सत्तरीच्या सहज असतील, डोक्यावर तुळस, पायात प्लास्टिकच्या चपला, तोंडाने अभंग. माझ्याकडे बघून थांबल्या, पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "खा माउली, पोचशील." आणि गेल्या पुढे. मी सासवडला पोचलो ते टेम्पोत.

तेव्हा ठरवलं, आळंदी ते पंढरपूर अख्खी करायची, अडीचशे किलोमीटर. मधे दोन वर्षं कोविड, मग गुडघा, मग सुट्टी नाही. अजून झालेली नाही. पण गेली तीन वर्षं पाय तयार ठेवलेत. श्रद्धा विचाराल तर मी फार देवभोळा नाही, मला त्या आजींच्या पुढे नाही, मागे मागे का होईना चालायचंय.

पाणपोई

थोडं कटू लिहिते, माफ करा. माझे मिस्टर दहा वर्षं पळायचे, हाफ मॅरेथॉन पाच झाल्या, सातारची हिल मॅरेथॉनसुद्धा. ४९ व्या वर्षी दोन ब्लॉकेज निघाले, स्टेंट पडले. लोक भेटायला यायचे आणि चहा पिता पिता म्हणायचे, बघा, एवढं पळून काय मिळालं. त्यांच्या घराण्यातच आहे ते, वडील, काका दोघं गेले तसेच. शिवाय छातीत चमक यायची ती ते अॅसिडिटी म्हणून दोन महिने अंगावर काढत होते, फिट माणसाला काय होणार या घमेंडीत. व्यायाम करणाऱ्यांनी तपासण्या टाळू नयेत एवढंच सांगायचंय.

डॉक्टर म्हणाले, सावरले लवकर ते पळत होते म्हणून. आता चालतात, पळत नाहीत. मीही जाते बरोबर. माझं कारण सरळ आहे, ते एकटे गेले की मला घरात बसवत नाही.

टेकडीवाला

पाणपोई, हे लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या ग्रुपवर टाकतोय, नाव आयडी काहीही न देता. दोघेजण असे आहेत जे ईसीजी म्हटलं की विषय बदलतात.

(हाडवैरींच्या सांगण्यावरून जोर-बैठका सुरू केल्यात. पोस्टमास्तरकाका ३० सेकंदांत १७. मी १६. बोलायचं नाही यावर.)

सांजवात

चार महिन्यांनी धागा वर काढतेय.

मध्ये अकरा दिवस खाडा झाला, आईचा मोतीबिंदू. पण परत सुरू केलं, आणि आधीच्या तीन जिमांच्या वेळी ते परत सुरू होणंच कधी झालं नव्हतं. वजन ६९.५, म्हणजे काहीच नाही, मेथीचा_लाडूसारखे फोटो टाकायच्या लायकीचं नाही (तिचे संमेलनाचे फोटो बघितले का, आगच लावलीये बाईने). खुर्ची १९. डेडलिफ्टला (जमिनीवरून वजन उचलून उभं राहायचं) ४५ किलो उचलते.

बाबा पण करतात. खुर्ची भिंतीला टेकवून, मी समोर, ते उठतात-बसतात, मोठ्याने आकडे म्हणतात आणि मधले दोन-तीन गाळतात. मी म्हटलं बाबा सात झाले, तुम्ही दहा कसे म्हणालात, तर म्हणतात माझ्या वेळी असंच मोजायचे. रोज संध्याकाळी विचारतात, आज किती उचललंस? परवा ४५ म्हटलं तर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे अजून एकोणीस. मीच थोडा कमी जेवतो."

मागच्या आठवड्यात परत तोल गेला, पण बाथरूममध्ये आता दांडी बसवलीये, ती धरून स्वतःच सावरले. मी धावत गेले तर आतून आवाज आला, "येऊ नकोस, पंचा नाहीये."

कोल्हापुरी_रस्सा

ताई, डोळ्यात पाणी आणि हसू दोन्ही. बाबास्नी सांगा जेवण कमी करू नका, तुम्हीच वजन वाढवा.

रिंगण

सुट्टी मंजूर झाली. जूनमध्ये जातोय. बाकी नंतर.

लोकलकर

अवांतर: सांजवात, ती दांडी कुठली घेतली? आमच्याकडेही आईसाठी बसवायचीय, ऑनलाइन रबरी कप दाबून चिकटवायच्या मिळतात त्या बऱ्या वाटतायत, भोकं पाडायला नकोत. आमच्या टाइल्सवर टकटक केलं तर मागे पोकळ वाजतंय.

हाडवैरी

चिकटवायची अजिबात नको. ती हात ठेवायला ठीक असते, तोल गेल्यावर पूर्ण वजन पडलं की सुटते, आणि नेमकी तेव्हाच सुटते. स्टीलची घ्या, पकडायला खडबडीत, भिंतीत ड्रिल करून मोठ्या अँकर बोल्टवर. टाइलमागे पोकळ वाजत असेल तर गवंड्याला बोलवून तेवढी टाइल काढून आत भरून घ्या आधी, नाहीतर बोल्ट टाइलसकट हातात येईल. आणि बसवायच्या आधी आईंना कमोडवर बसवा, त्यांचा हात आपोआप कुठे जातो तिथे पेन्सिलने खूण करा. प्लंबर त्याच्या उंचीने बसवून जातो.

लोकलकर

खूण केली. आई म्हणते थोडी खाली हवी. रविवारी गवंडी येतोय.